बाळ न पाहता भरलेली कार्डं

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज काही उतरवून घ्यायचं नाही, आज फक्त ऐकायचं.

तुमची गृहभेटींची रजिस्टरं काल संध्याकाळी माझ्या टेबलावर आली. मी ती पानन्‌पान वाचली. आणि आज सकाळी उपकेंद्राच्या सिस्टरना आणि आशाताईंना बरोबर घेऊन त्यातल्या काही घरी जाऊन आले. तेव्हा ‘मॅडम, आम्ही गेलो होतो’ असं कोणी म्हणू नका. गेला होतात, मला ठाऊक आहे. ओसरीवर बसलात, चहा घेतलात, आईला चार प्रश्न विचारलेत आणि उठलात. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. त्याला उठवायचं, उघडं करायचं, ते रडणार, आजी कुरकुरणार, हे सगळं नको म्हणून तुम्ही त्याचं वजन, त्याची मान, त्याची नजर अंदाजाने लिहून टाकलीत.

घरी गेले नसते तरी हे कळलं असतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं अंग ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेगाने वाढतं. तो क्रम ज्याला माहीत नाही, त्याने रचलेली नोंद पहिल्याच ओळीला पकडली जाते. म्हणून आज तुमच्यावर दोन आरोप आहेत. तुम्ही खोटं लिहिलंत, हा एक. आणि खोटं लिहिण्याइतकाही अभ्यास केला नाहीत, हा दुसरा.

पहिलंच पान घ्या. जन्मवजन तीन किलो. तिसऱ्या दिवशी तीन किलो. सातव्या दिवशी सव्वातीन. कुणी लिहिलंय ते मी विचारत नाही, तिला माहीत आहे. जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन घटतं. अंगातलं जादा पाणी लघवीवाटे जातं, काळी शी जाते आणि आईचं दूध अजून पुरतं उतरलेलं नसतं. तीन किलोचं बाळ दोन-अडीचशे ग्रॅमने उतरणार, हे धरूनच चालायचं. जन्मवजनाच्या एक दशांशापर्यंतची घट ही शेवटची हद्द. मग दूध उतरतं, बाळ चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. हे मी पहिल्या वर्षाला शिकवलंय. तिसऱ्या दिवशी ग्रॅमभरही न घटलेलं बाळ म्हणजे काट्यावर न ठेवलेलं बाळ.

‘एवढ्याने काय बिघडलं?’ असं मनात येत असेल तर नीट ऐका. तिसऱ्या दिवशी घर घाबरलेलं असतं. बाळ जन्मलं तेव्हा गुबगुबीत होतं, आता सुकल्यासारखं दिसतं. शेजारीण येऊन सांगते की आईला दूधच नाही. संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घरात आलेली असते. बाटली आली की बाळ छातीशी कमी लागतं. छातीशी कमी लागलं की दूध कमी होतं, आणि शेजारीण खरी ठरते. या वेळी काटा घेऊन त्या घरात उभं राहणारी तुम्ही एकटी असता. ‘दोनशे ग्रॅम उतरलंय, एवढं उतरायचंच, दहाव्या दिवशी पुन्हा बघू’ हे वाक्य तुमच्याकडून यायला हवं. आणि घट चारशे ग्रॅम असेल, बाळ पेंगत असेल, ओढून पीत नसेल, तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यायला हवं. शासनाने आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी उगाच ठरवलेल्या नाहीत. त्यातली तिसऱ्या दिवसाची नोंद खोटी लिहिणारी मुलगी त्या बाळाला एकटं सोडून येते.

आता पुढची पानं. साडेतीन, चार, साडेचार, चार, साडेतीन. एकाही बाळाचं वजन 3.42 नाही, 4.17 नाही. तुम्हाला दिलेला डिजिटल काटा दहा-दहा ग्रॅमचा फरक दाखवतो. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढतं. म्हणजे अर्ध्या किलोत जवळजवळ तीन आठवड्यांची वाढ येते. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या किलोत लिहिलंत, तर तीन आठवडे उपाशी राहिलेलं बाळही तुमच्या कागदावर धडधाकट दिसेल.

काटा सपाट फरशीवर ठेवायचा, सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नाही. फडकं टाकून शून्य करायचं. कुंची, झबलं, लंगोट, दुपटं सगळं काढायचं. चांदीचे वाळे आणि कमरेची साखळी घरचे काढू देत असतील तर काढायची, नसतील तर तसं शेजारी लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी वाळे नसले तर वजन घटल्याचा भास होणार नाही. पंखा आधी बंद करायचा. बाळ हातपाय झाडत असेल तर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. हे सगळं तीन-चार मिनिटांत होतं. चहाला तुम्हाला याहून जास्त वेळ लागला.

कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत, तिथल्या मुलीचं पान काढा. हिचं वजन मात्र खरं घेतलंय, ते मी मान्य करते. तिसऱ्या महिन्यात 5.4, चौथ्यात 5.5, पाचव्यात 5.5. तिन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यात आले आणि शेरा पडला, ‘सर्वसाधारण’. मला या एका शब्दाचा सगळ्यात जास्त राग आला आहे.

ठिपका कुठल्या रंगात पडला एवढंच बघायचं असतं, तर तक्त्यावर रेघ ओढायला कशाला सांगितलं असतं? तिसऱ्या महिन्यात ही मुलगी सरासरीच्या जरा खाली होती, त्यात काळजीचं काही नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत तिने किलोभराने वाढायला हवं होतं. ती शंभर ग्रॅमने वाढली. पाचव्या महिन्यात मुलींचं सरासरी वजन 6.9 किलो असतं. हिचा ठिपका हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठाला टेकलाय आणि तिची रेघ आडवी पडली आहे. पुढच्या महिन्यात ती पट्ट्याबाहेर जाईल, मग तुम्ही तिला कुपोषित म्हणून नोंदवाल, मग तिच्यासाठी धावपळ सुरू होईल. आडवी रेघ तुम्हाला महिनाभर आधी हाक मारत होती.

आणि तुमच्यातल्या एकीने आशाताईंना सांगितलं, ‘मजुरांची बाळं बारीकच असतात.’ पुन्हा हे वाक्य माझ्या कानावर आलं तर मी तुम्हाला गावात पाठवणार नाही. ज्या तक्त्यावर तुम्ही ठिपका दिलात, तो जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली दिला. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यातून दिसलं ते हे, की आईचं दूध मिळालं, घर धुराचं आणि आजाराचं नसलं, तर ऑस्लोचं बाळ आणि दिल्लीचं बाळ पहिल्या वर्षांत जवळजवळ सारखंच वाढतं. बारीकपणा मजुराच्या रक्तात नसतो. तो त्याच्या दिवसाच्या रहाटीत असतो.

त्या कोपीत मी बसले. मुलीची आई पहाटे अंधारात फडात जाते आणि दुपार कलल्यावर परतते. तान्ह्या मुलीला आठ वर्षांची बहीण सांभाळते. बाटलीत गाईचं दूध असतं आणि ते पुरावं म्हणून त्यात अर्धं पाणी. बाटलीच्या बुचाला आतून पिवळा थर बसला होता. नखाने खरवडला तरी निघेना. तुम्ही तिथे वजन करून आलात आणि ‘मुलगी दिवसभर काय पिते?’ हा प्रश्न तुम्हाला सुचला नाही. आईला मी हाताने दूध काढायला शिकवलं. झाकलेल्या स्वच्छ भांड्यात, सावलीत, ते चार तास तरी चांगलं राहतं, आणि वाटी-चमच्याने पाजता येतं. रात्री मुलगी तिच्या कुशीतच असते, तेव्हा मागेल तितकं पाजायचं. आणि मुकादमाशी बोलायचं की तिला मधल्या वेळेत एकदा तरी कोपीवर येऊ द्या. हे बोलणं आशाताईंवर ढकलू नका, त्यांच्याबरोबर तुम्हीही जा. आठ दिवसांनी त्या मुलीचं वजन मला हवं आहे, ग्रॅममध्ये.

डोक्याच्या घेराचा रकाना. जन्माच्या वेळी 35 सेंटिमीटर, दोन महिन्यांनी 35 सेंटिमीटर. पहिल्या तीन महिन्यांत डोकं महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं, पुढच्या तीन महिन्यांत एक-एक, आणि त्यानंतर वर्षापर्यंत महिन्याला अर्धा. एवढ्या झपाट्याने डोकं वाढतं, कारण आत मेंदू वाढत असतो. दोन महिने डोकं वाढलंच नाही ही नोंद खरी असती, तर तू रजिस्टर तिथेच टाकून धापा टाकत माझ्याकडे यायला हवी होतीस. तू शांतपणे पान उलटलंस. म्हणजे टेप पिशवीतून बाहेर निघालीच नव्हती. न ताणली जाणारी टेप घ्यायची, पुढून भुवयांच्या वरून आणि मागून डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची, तीनदा मोजायचं आणि मोठा आकडा लिहायचा. झालं.

आता देवळामागच्या घरातली ती इवलीशी मुलगी. वय दहा आठवडे. रकान्यात लिहिलंय, ‘आईकडे बघून हसते, होय. मान धरते, होय.’ तुम्ही आईला विचारलंत, आई दबकत ‘हो’ म्हणाली, तुम्ही टिक केलीत. त्या खोलीत खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली आहे. तिच्यात विशेष नवजात कक्षाचं डिस्चार्ज कार्ड आहे. कुणी काढून वाचलं का? मुलगी तेहतिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन 1,700 ग्रॅम. म्हणजे सात आठवडे लवकर. दहातून सात वजा करा. वाढीच्या हिशेबाने ती तीन आठवड्यांची आहे. तीन आठवड्यांचं बाळ आईकडे बघून हसत नाही आणि मान तर धरतच नाही.

तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते सांगते. ती आई दहावी शिकलेली आहे. तिने तुम्ही भरलेलं कार्ड वाचलं. आज मला बघितल्यावर तिने दार लोटलं आणि हळूच विचारलं, ‘मॅडम, कार्डावर हसते लिहिलंय. मग ही माझ्याकडे बघून का हसत नाही? ही मला ओळखत नाही का?’ बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा तिला बाहेर बसावं लागलं होतं. त्या दिवसांमुळे मुलीला आपली ओळखच राहिली नाही, असं तिने मनाशी धरलंय. तुमची एक टिक त्या बाईच्या उरावर बसली होती.

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तिची मुलगी तिचा आवाज पोटात असल्यापासून ऐकते आहे. नवजात बाळ इतर बायकांच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतं, हे 1980 सालीच प्रयोगाने दाखवलं गेलंय. हसू मात्र मेंदूच्या वयावर येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते सहा ते आठ आठवड्यांत येतं, हिला आणखी सात आठवडे द्यायचे. दोन वर्षांची होईपर्यंत वाढीचा प्रत्येक टप्पा असाच वजाबाकी करून मोजायचा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही. दीड महिन्याची लस अजून राहिली आहे, ‘बाळ फारच लहान आहे’ म्हणून घरच्यांनी थांबवली होती. आणि डोळे. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा नेत्रतज्ज्ञाने पहिल्या महिन्याच्या आत बघावा लागतो, कारण त्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि दृष्टी कायमची जाते. वेळेवर कळलं तर लेसरने वाचवता येते. पहिली तपासणी झाली आहे. दुसरीची तारीख त्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली आहे आणि ती गेल्या सोमवारी उलटून गेली. तुम्ही त्या खिळ्याखाली बसून चहा प्यायलात.

हसण्याविषयी आणखी. दोन आठवड्यांच्या बाळापुढेही तुम्ही ‘हसते’ लिहिलंय. झोपेत ओठ मुरडतात, गाल हलतात, ते हसू कुणाला उद्देशून नसतं. गावातल्या म्हाताऱ्या त्याला सटवाई हसवते म्हणतात, आणि तोंडाकडे बघून आलेलं हसू निराळं धरतात. पुस्तक न वाचता त्यांना हा फरक दिसतो, कारण त्या बाळाकडे बघत बसतात. तुम्हीही बसायला शिका. बाळ जागं, पोट भरलेलं, लंगोट कोरडा. आपलं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर, फार तर फूटभर अंतरावर आणायचं, कारण नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावरचं बऱ्यापैकी दिसतं. छातीशी घेतल्यावर आईचा चेहरा बरोबर तेवढ्या अंतरावर येतो. मग हळू बोलायचं आणि थांबायचं. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तुम्ही चुटक्या वाजवता, गाल ओढता आणि दहा सेकंदांत निकाल लावून मोकळ्या होता.

मान बघायची ती डोळ्यांनी. बाळाला उताणं निजवून दोन्ही हात धरून हलकेच बसतं करायचं आणि डोकं किती मागे राहतं ते बघायचं. पहिल्या महिन्यात ते पूर्ण मागे लोंबतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगाबरोबर येतं. मग पाठ, मग कंबर, मग पाय. ताबा डोक्याकडून खाली उतरत जातो, आणि खांद्याकडून बोटांकडे. म्हणून मान धरल्यावर मूठ उघडते, चार-पाच महिन्यांत दोन्ही हात खेळण्याकडे जातात, सहाव्यात ते पंजात धरलं जातं, सातव्यात या हातातून त्या हातात जातं. पालथं पडणं, टेकून बसणं, रांगणं यांचा महिना बाळागणिक पुढेमागे होतो, त्यावरून घरच्यांना भेवडवायचं नाही. क्रम मात्र सहसा मोडत नाही. एका घरात पाच महिन्यांच्या मुलाला वॉकरमध्ये उभं केलेलं मी पाहिलं. त्याची कंबर अजून तयार नाही आणि तो पायाच्या बोटांवर लोंबकळत होता. वॉकरने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्या मुलाला जागेपणी सतरंजीवर पालथं घाला आणि समोर आजोबांना बसवा, एवढं सांगायला हवं होतं. झोपवताना मात्र पाठीवरच.

श्वासाच्या रकान्यात सगळ्या बाळांपुढे 40. सगळ्या. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच भरभर, मध्येच थबकलेला, म्हणून तो पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचा, पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ज्या बायकांना हे काम शिकवलं, त्या पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायका होत्या. एकोणचाळीस गावांत त्या घरोघरी जाऊन बाळ तोलत होत्या, घड्याळ लावून श्वास मोजत होत्या, गारठलेलं बाळ उबेत ठेवत होत्या. तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि आज देशभर आशाताई करतात त्या घरभेटी त्या कामाच्या पायावर उभ्या आहेत. त्या बायकांकडे तुमच्यासारखा गणवेश नव्हता, तुमच्याइतकी पुस्तकं नव्हती. त्यांनी अंदाजाने चाळीस लिहिलं असतं तर ती बाळं गेली असती आणि कुणालाही कळलं नसतं.

एका आजीला तुमच्यातली एक म्हणाली, ‘तुम्हा जुन्या लोकांना काही कळत नाही.’ त्या आजींची माफी तू मागणार आहेस. त्यांचं मालिश उत्तम आहे, मी बघितलं. हात गरम, बाळ निवांत, पायांवर आडवं घेऊन काय सुंदर चोळत होत्या. ते मालिश चालू राहू दे. कानात आणि नाकात तेल सोडू नका, एवढंच सांगायचं. टाळूवर तेलाचा हात फिरवला तर काही बिघडत नाही, ती नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप भरते. जिथे ठाम उभं राहायचं, तिथे तुम्ही गप्प बसलात. त्याच घरात मुलाची छाती सुजली म्हणून आठवडाभर दाबून ‘दूध काढणं’ चाललं होतं. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, छाती फुगते आणि काही आठवड्यांत उतरते. दाबलं की पू होतो. आणि मध. बोटाला लावून चाटवलेल्या मधातून बोटुलिझमचे जंतू पोटात जातात, बाळ लुळं पडतं. वर्षाच्या आत मध नाही आणि सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा नाही. हे बोलायला धीर लागतो. आजींचं मालिश आधी मनापासून नावाजलं असतंत, तर त्यांनी तुमचं ऐकलं असतं.

आता शेवटचं घर, पाण्याच्या टाकीजवळचं. साडेचार महिन्यांचा मुलगा, वजन उत्तम, मान पक्की, चेहऱ्याकडे बघून खदखदून हसतो. तुम्ही शेऱ्यात लिहिलंय, ‘बाळ शांत स्वभावाचं आहे.’ हे शब्द तुम्हाला त्याच्या आजीने दिले. मलाही ती कौतुकाने म्हणाली, ‘लई शांत लेकरू बघा. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी झोप मोडत न्हाई.’

अंगावर काटा आला पाहिजे होता तुमच्या.

‘टाळी वाजवून बघितली मॅडम, त्याने पापणी मिटली,’ असं तुम्ही आशाताईंना म्हणालात. तोंडासमोर टाळी वाजवलीत तर त्याला हात दिसला, वारा लागला. पापणी त्याने मिटली ती त्यामुळे. मी त्याला आईच्या मांडीवर बसवलं, समोर एकीला उभं केलं आणि मागून, त्याला दिसणार नाही असा, खुळखुळा वाजवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे, थांबून पुन्हा. या वयात मान वळायला हवी. वळली नाही. आई म्हणाली, ‘पण आवाज तर काढतो की, हुंकार देतो.’ ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे महिने हुंकार देतात. सहा महिन्यांनंतर त्यांचा आवाज हळूहळू आटत जातो, आणि तेव्हा लोकांच्या लक्षात येतं. मी निदान करत नाही. कानात मळ असेल, सर्दी असेल, कदाचित त्याला नीट ऐकूही येत असेल. पण ते तपासणीने कळेल, स्वभावाने नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. कारण पहिल्या महिन्यांत आवाज पोचला नाही तर मेंदूतला भाषेचा भाग त्याची वाट बघत थांबत नाही. यंत्र वेळेवर बसलं तर हा मुलगा बोलेल. दोन वर्षांनी कळलं तर फार कष्टाने, आणि कमी बोलेल. त्याच्या हातात दीड महिना उरलाय.

तेव्हा ऐका. ज्या दोघींनी तो शेरा लिहिलाय, त्यांनी उद्या त्या कुटुंबाबरोबर जिल्हा रुग्णालयात जायचं. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र तिथेच आहे. चिठ्ठी मी लिहिली आहे, सही झाली आहे, माझा फोन झाला आहे. तपासणी बाळ झोपलेलं असताना होते, म्हणून आज संध्याकाळीच जाऊन आईला सांगा की सकाळी त्याला झोपू द्यायचं नाही, प्रवासातही जागं ठेवायचं, आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजून झोपवायचं. आजीलाही बरोबर घ्या, तिला घरात एकटीला काळजी करत ठेवू नका. बापाचं एका दिवसाचं काम बुडेल, त्याच्याशी आशाताई बोलल्या आहेत. डोळ्यांची तारीख चुकलेली ती मुलगी आणि तिची आईही त्याच एसटीने येणार आहेत. तिला तिथल्या नेत्रविभागात नेऊन बसवायचं, ती एकटी फिरता कामा नये. गाडी सव्वासातला सुटते. तुम्ही दोघी पावणेसातला थांब्यावर हव्यात.

बाकीच्यांनी काटे घ्या, टेपा घ्या, घड्याळ लावा. पत्ते तुमच्याकडेच आहेत.